गाळलेली चार रिळं

श्यामकांतने दुसरं रीळ डब्यातच ठेवलं, तेव्हा आपण मित्राच्या लग्नालाच कात्री लावतोय याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या वसतिगृहाचा हॉल त्या शनिवारी तीन ते पाच एवढाच मिळाला होता. रंगराजनने लंडनहून मागवलेला तमिळ चित्रपट मात्र सोळा रिळांचा, अडीच तासांचा. तो त्याला, जिच्याशी लग्न ठरवायचं त्या हेल्गाच्या वडिलांना दाखवायचा होता. हेर क्र्युगर, म्हणजे क्र्युगरसाहेब, निवृत्त स्टेशनमास्तर. मुलगी कसल्या माणसांत पडतेय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार देणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आणि तमिळ माणूस आपली माणसं दाखवायची म्हटल्यावर लाडक्या नायकाचा चित्रपटच दाखवणार.

"चार रिळं जास्त आहेत," श्यामकांत म्हणाला. कारखान्यातला वेळ कसा वाचवावा यावरच त्याची पीएच.डी. चालली होती. "तू पाहुण्यांकडे बघ. कुठली गाळायची ते माझ्यावर सोड."

तमिळचा त्याला गंध नव्हता. त्याने रिळं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. दुसऱ्यात नुसती जत्रा आणि दोन तान्ही बाळं. पुढे ती कुठे दिसेनात. शेवटच्या तीन रिळांत एक म्हातारी सारखी रडत होती. चारही डब्यात राहिली.

झालं असं, की पडद्यावर नायकाने नदीकाठी एकीला वचन दिलं आणि पुढच्याच रिळात दुसरीच्या गळ्यात माळ घातली. मग दारू पिऊन सासऱ्याला बदडलं. हेर क्र्युगर खुर्चीत सरळ झाले.

"तुमच्याकडे हे चालतं?"

"अहो, ते दोघं जुळे भाऊ आहेत," रंगराजन काकुळतीला आला.

"मी चाळीस वर्षं प्रवाशांचे चेहरे बघितलेत. हा एकच माणूस आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," श्यामकांत मदतीला धावला. "नट एकच. दोन्ही कामं तोच करतो."

"म्हणजे तुम्हीही कबूल करताय," म्हणत हेर क्र्युगरनी टोपी उचलली.

रंगराजन रागावला असता तर बरं झालं असतं. तो मुकाट्याने रिळं गुंडाळत बसला. श्यामकांतला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी तो स्वतः क्र्युगरांच्या दारात उभा राहिला आणि सगळं कबूल केलं.

"मधली स्टेशनं तुम्ही गाळलीत?" हेर क्र्युगर हादरलेच. "आल्झो, मग गाडीचा काय दोष? पूर्ण दाखवा."

पुढच्या रविवारी सोळाच्या सोळा रिळं लागली. हेल्गाही आली होती. जत्रेत बाळं हरवली, दोन भाऊ दोन घरी वाढले, आणि हेर क्र्युगर समाधानाने मान हलवू लागले. मग म्हातारी आली. समुद्रापार गेलेल्या मुलासाठी ती तीन रिळं उंबऱ्यात बसून राहिली, आणि तिथेच तिने प्राण सोडला. हेर क्र्युगरनी दोनदा चष्मा पुसला.

दिवे लागल्यावर त्यांनी रंगराजनचा हात हातात घेतला. "तुमची माणसं फार चांगली आहेत."

श्यामकांतचा जीव भांड्यात पडला.

"आई आहे तुम्हाला?"

"आहे. कुंभकोणमला."

"मग घरी जा, बाळा. अशा आईचा मुलगा मी माझ्या मुलीसाठी इथे ठेवून घेणार नाही."

"अहो, पण हा सिनेमा आहे," श्यामकांत म्हणाला. कोणी ऐकलं नाही. रंगराजन स्वतःच हुंदके देत होकाराची मान हलवत होता.

हेल्गा मात्र रडत नव्हती. ती श्यामकांतकडे बघत होती, शेवटची तीन रिळं आज का नाही गाळलीस, अशा नजरेने.