बिटांची गणपूर्ती

ज्या संस्कृतीला ऐकायला माणसं मिळत नाहीत, तिने श्रोत्याची व्याख्या विस्तारावी. हे थोर तत्त्व अलास्कातल्या फेअरबँक्स गावी आमच्या मंडळाने १९८४ साली सिद्ध केलं.

त्या गणेशोत्सवात त्र्यंबककाकांचं कीर्तन ठरलं होतं. मुलाकडे राहायला आल्यापासून काकांच्या चिपळ्या बॅगेतच होत्या. पण मंडळाचा नियम असा, की चाळीस श्रोते नसतील तर कीर्तन रद्द, आणि त्या जागी व्हिडिओ कॅसेट. गावात मराठी माणसं एकोणीस. (दुपट्यातली दोन धरून.)

"कॅन्सल करू या ना यार," सेक्रेटरी शैलेंद्र म्हणाला. काका चिपळ्या रुमालात गुंडाळू लागले.

"थांबा हो काका!" सुमित्राकाकू कडाडल्या. "शैलेंद्र, माझ्या परसातली बिटं धर की. साठ भरतील."

समितीने गांभीर्याने विचार केला. बीट सजीव आहे. जागा सोडत नाही. पूर्वरंग सुरू होताच त्याला गाडी हलवायची आठवण होत नाही. शिवाय मेअखेर पेरलेलं बीट या गारठ्यातही तीन महिन्यांत वळणाला लागतं. आमच्या मुलांबाबत असा अनुभव नाही. ठराव एकमताने मंजूर. (बिटांनी हरकत घेतली नाही.)

कीर्तन परसात उभं राहिलं. नमन संपतं न संपतं तोच हवा एकदम बोचू लागली.

"अगं बाई, दहिवर गोठणार! बिटांची पानं जळतील!" सुमित्राकाकू ओरडल्या.

आता श्रोते दगावले तर गणपूर्ती मोडणार, आणि काकांना मध्येच थांबवावं लागणार. गोधड्या आल्या, कोट उतरले, बिटांवर पसरले. वारा ते उडवू लागला, तेव्हा प्रत्येकाने एकेक टोक धरून बसायचं ठरलं.

"आजोबा, दे आर व्हेजिटेबल्स," काकांची नात कुडकुडत म्हणाली.

"म्हणूनच नीट ऐकतायत, बाळ. टोक सोडू नकोस."

काका असे रंगले, की तोंडातून अभंगाबरोबर वाफ निघत होती. आख्यानात शैलेंद्रचे डोळे भरून आले. (थंडीने, असं तो सांगतो.) मंडळाच्या इतिहासात प्रथमच कोणी मध्येच उठलं नाही. अहवालात नोंद झाली: श्रोते साठ, गोधडी धरणारे सोळा, दुपट्यातले दोन.

दुसऱ्या दिवशी महाप्रसादाला श्रोत्यांची दह्यातली कोशिंबीर झाली. कीर्तनाला एवढं वाहून घेतलेलं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

वाचकहो, आपल्या गावच्या कीर्तनाला आपण नेमके आरतीच्या बेताने पोहोचता, हे ठाऊक आहे. राग नाही. आपल्या जागी आम्ही एक बीट लावलं आहे. ते आपल्यापेक्षा मन लावून ऐकतं. आपण फक्त गोधडी धरायला या.