व्याह्यांची नक्कल

सकाळचे साडेनऊ. पोखर्णीत बन्सीधरनं टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणाला जावई मुंजाजी, लेक मनकर्णा आणि व्याही दत्तराव ताडकळसहून निघाले होते. जावयाला हा टेप द्यायचा होता, सोबत आतली कॅसेटही. तिच्या एका बाजूला वारलेल्या आजीच्या ओव्या होत्या आणि मनकर्णाला त्या हव्याच होत्या. दुसऱ्या बाजूला बन्सीधरनं घरच्यांना हसवायला दत्तरावांची नक्कल भरली होती. "आमी काई मागत न्हाई बर्का," मग खोकला, मग मागणी.

पुसायचा मार्ग एकच, नकलेवर शांतता भरायची. बाजू संपेपर्यंत घरात कुणी बोलायचं नव्हतं. बायकोनं, कमलबाईनं, पुरण वाटणंही थांबवलं.

तेवढ्यात शेजारची कासाबाई दारात उभी. "घर असं गप का वं? कोन गेलं का?"

बन्सीधरनं हात हलवले. मग जोडले.

"अगं बया, भावजींची वाचा गेली!" कासाबाई माणसं बोलवायला वळली.

कमलबाईला राहवेना. "अवो न्हाई! व्याह्यांची नक्कल भरली व्हती, ती पुसायलेत. त्येंनी ऐकली तर लेकीला सासरी जड जाईल."

"नक्कल कशाची, खरंच हाय की! मागत न्हाई म्हणत तुपाची बरनी घिऊन गेलं त्ये."

हे सगळं बोलणंही टेपमध्ये भरलं गेलं. बन्सीधरनं फीत मागं नेली, पुन्हा लाल बटण दाबलं आणि लाइट गेली. टेपचे सेल त्यानं कधीच टॉर्चला घालून संपवले होते. लाइट आली नाही. एसटी आली.

जेवणं झाल्यावर मुंजाजीनं टेप मांडीवर घेतला. "मामा, आजीची कॅसेट आतच हाय न्हवं?"

"हाय. ओव्यांचीच बाजू ऐका. दुसरी कोरी हाय."

"कोरी?" दत्तराव पुढे सरकले. "मंग आमच्या गावचं भजन भरताव की. आधी लावून बघताव, खरंच कोरी हाय का."

पण लाइट अजून आली नव्हती. टेप तसाच ताडकळसला गेला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं मनकर्णाचा निरोप आणला. मामंजींनी दुसरी बाजू ऐकली आणि परत लावायला सांगितली.

"हासले का?" बन्सीधरनं विचारलं.

"त्ये काई तुमची लेक बोलली न्हाई. उद्याच्या पहिल्या गाडीनं व्याही सोता यायलेत. टेप घिऊन."