सोनबाजी मास्तरांचा काळा बाजा

मे महिन्यात अमरावतीत कावळासुद्धा सावली सोडत नाही. आमचे शेजारी सोनबाजी मास्तर मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून वरातीपुढे कॉर्नेट ही पितळी तुतारी वाजवत चालायचे. मागे त्यांचा इंग्रजी बाजा, म्हणजे बँड. वकिलांनी उतरवलेले पाच काळे कोट जमवून त्यांनी तो उभा केला होता. बाजा मांडवात शिरला की कोर्टाची तारीख लागल्यासारखं वाटे.

सूरही तसेच, संथ आणि रडवे. एकदा दर्यापूरला नवरदेवाचा घोडा चालता चालता थांबला आणि पेंगायला लागला. नवरदेवाचा मामा ओरडला, "मास्तर, हे लग्न हाये का मयत?"

"तुमच्यासाठी सारेच वाजवतेत," मास्तर म्हणाले. "पोरीच्या मायसाठी कोन वाजवते?"

तरी काही वर्षं बरी गेली, कारण आसपास दुसरा बाजाच नव्हता. मग अकोल्याचे लाल डगलेवाले आले, सिनेमाची गाणी वाजवणारे. मास्तरांची माणसं एकेक करून तिकडे गेली. ढोलवाला तर काळा कोट घालूनच गेला! मी म्हटलं, "मास्तर, एखादं नाचायचं गाणं बसवा ना."

"मले येत नाही असं वाटते काय तुले? येते. वाजवत नाही."

ताईच्या लग्नाला आमच्या बाबांनीही लाल डगलेच बोलावले. मास्तरांना सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

लाल डगलेवाले जेवले आणि दुसऱ्या लग्नाला पळाले. ताईच्या पाठवणीची वेळ झाली तेव्हा मांडव मुका होता. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. एवढ्यात शेजारच्या ओट्यावरून कॉर्नेट सुरू झालं आणि आई ताईच्या गळ्यात पडून मोकळी रडली. पण सूर मध्येच तुटला.

मी पाणी घेऊन धावलो. मास्तर कोट घालून ओट्यावर बसले होते.

"माह्या पोरीच्या, गंगूच्या लग्नाची तिथ मोठी होती, बापू, गावोगावी लग्नं. त्याच दिवसाची दर्यापूरची सुपारी घेतली. म्हटलं, पाठवणीपर्यंत येतोच वापस. आलो तं मांडवाचे दोर सोडून राहिले होते." त्यांनी कॉर्नेट मांडीवर ठेवलं. "मी दुसऱ्याच्या पोरीसाठी वाजवून राहिलो होतो. माही पोरगी बाजाविना गेली."

मी पाण्याचा पेला पुढे केला.

"तुही ताई गेली काय?"

"नाही, बायका अजून ओटी भरताहेत."

मास्तर ताडकन उठले. पाण्याचा पेला तसाच माझ्या हातात राहिला. कॉर्नेट ओठांना लावत ते आमच्या मांडवाकडे धावत सुटले.