उसना गडी

गुणवंतराव निमगडे यांनी जन्मात कधी कुणाचं वाकडं केलं नाही. (वाकडं करायलाही धैर्य लागतं.) त्यांनी फक्त एक वायर बांधली. क्वार्टरच्या कौलांवरून थेट अंगणापलीकडच्या वाळक्या ऐनाच्या झाडापर्यंत, रेडिओला नीट ऐकू यावं म्हणून. पुढं जे काही घडलं ते त्या वायरीपायी घडलं, आणि वायर बांधू नका असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे वच्छलाबाईंनी, त्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याचं असं झालं, की ब्याऐंशी साली चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. नव्या गडचिरोली जिल्ह्यात माणसं कमी, म्हणून चांद्याच्या हापिसातले काही बाबू तिकडं उसने धाडले. गुणवंतरावांच्या वाट्याला पार आतल्या जंगलातला एक लाकूड डेपो आला. सहा महिने काढा, मग परत बोलावतो, असं साहेब म्हणाले होते. त्या सहा महिन्यांना आता चार वर्षं होत आली होती. डेपोत सागवानाच्या थप्प्या, शेजारी दहा-पंधरा झोपड्या, आणि संध्याकाळी येणारी एक एस.टी. ड्रायव्हरचा चहा झाला की ती तोंड फिरवून निघून जायची, आणि मग माणसाचा आवाज म्हणून कानी पडायचा तो आपल्याच घरातला.

यंदा पोरगी, प्रज्ञा, चौथी पास झाली, आणि गावातली शाळाही चौथीलाच संपली. वच्छलाबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "जूनच्या आत बदली आणा, नाई तर मी पोरीले घेऊन राजुऱ्याले चालली." राजुऱ्याला त्यांचं माहेर. आणि ही बाई एकदा बोलली की बोलली, हे गुणवंतरावांना लग्नाच्या पंगतीतच कळलं होतं. बायको-पोरीवाचून त्या डेपोत राहायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

रेडिओचं म्हणाल तर तो नागपूरची गाणी ऐकायला घेतलेला. पण डोंगराच्या आडोशाला नागपूर नुसतं खोकायचं. वायर बांधल्यावर एकच स्टेशन खणखणीत लागलं, ते ऑस्ट्रेलियाचं. दिवस कलला की ते सुरू व्हायचं, आणि सुरुवातीला तिथला कुठलासा पक्षी हसायचा. आधी घशातल्या घशात, मग खो खो, मग पोट धरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दूध घालायला आलेल्या ठमाबाईच्या हातून चरवीच सुटली. गुणवंतरावांनी तिला पुष्कळ समजावलं, की बाई, हे पाखरू आहे. तिनं विचारलं की पाखरू आहे तर हसते कायले.

दर रविवारी त्या स्टेशनावर सांगायचे, की परदेशांतल्या क्लबांत खेळायला गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉलवाल्यांचं कसं काय चाललंय. गुणवंतराव एकेकाळी घुग्घुसला गोलकीपर. (किती गोल खाल्ले ते विचारू नये.) इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण डेनिस क्रॅगी नावाच्या गड्याची कथा त्यांना बरोबर कळली. इंग्लंडातल्या एका मोठ्या क्लबानं या डेनिसला उत्तरेकडच्या कोळशाच्या गावातल्या एका फाटक्या क्लबाला हंगामापुरता उसना दिला होता. हंगाम संपला की परत बोलावतो म्हणाले होते. गुणवंतरावांनी हातातला चहा खाली ठेवला. साता समुद्रापलीकडं आपल्यासारखाच एक उसना बाबू आहे हे ऐकून त्यांना भरून आलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका रविवारी बातमी आली की डेनिसचा डावा पाय मुरगळला. सोमवारी सकाळी गुणवंतराव थप्पीवरून घसरले आणि त्यांचा पाय मुरगळला. डावाच. पुढच्या रविवारी ऐकलं की डेनिसला खेळवलं नाही, बाहेर बाकावर बसवलं. त्याच आठवड्यात साहेबांची जीप आली आणि साहेबांनी गुणवंतरावांना दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, आत म्हणून बोलावलं नाही. आता निमगड्यांचं घर बाबासाहेबांच्या वाटेनं चालणारं. देव, भूत, अंगारा, उतारा, सगळं छप्पन साली उंबऱ्याबाहेर गेलेलं. योगायोग म्हणतात याला, असं गुणवंतरावांनी बायकोला ठासून सांगितलं. पण पुढच्या रविवारी रेडिओचं बटण त्यांनी अर्धा तास आधीच फिरवलं, आणि त्या डेनिसले म्हणावं जपून खेळ, असं वच्छलाबाई आतून म्हणाल्या ते त्यांनी ऐकलं.

वैशाख लागला आणि रेडिओचे सेल संपले. एस.टी.च्या ड्रायव्हरला आणायला सांगितले, तो विसरला. रेडिओ फळीवर पडून होता, पाठ उघडी, पोट रिकामं. त्या संध्याकाळी वारा नव्हता. थप्प्यांच्या सावल्या लांब होत अंगणापर्यंत आल्या होत्या. वच्छलाबाई चुलीपाशी, गुणवंतराव खाटेवर. आणि ते हसू आलं. आधी घशातल्या घशात. मग खो खो. मग पोट धरून.

गुणवंतराव म्हणाले, रेडिओ. वच्छलाबाईंनी फळीवरचा रेडिओ उचलला आणि त्याचं रिकामं पोट नवऱ्याला दाखवलं. बाहेर ते पुन्हा हसलं, या वेळी थोडं जवळून. वच्छलाबाईंनी प्रज्ञाला ओढून जवळ घेतलं. गुणवंतरावांनी धैर्यानं उठून दाराला कडी लावली आणि कडी लागली की नाही ते तीनदा पाहिलं.

मग ते रोजचंच झालं. कधी झाडाकडून, कधी थप्प्यांमागून, कधी नेमकं कौलांवरून. मजूर उन्हं असतानाच घरी पळू लागले. डेपोचा चौकीदार लालसू जंगलातच जन्मलेला, वाघाच्या वाटेवर बिडी ओढत बसणारा माणूस. त्याला गुणवंतरावांनी हसत हसत (म्हणजे फक्त दात दाखवत) विचारलं, की काय रे, कोणतं जनावर म्हणायचं हे? लालसूनं झाडाकडं पाहिलं.

"आमच्या जंगलातलं सगळं मले ठाऊक आहे, बाबू," तो हळूच म्हणाला. "हे इथलं नाई. हे कोणीतरी आणलेलं आहे."

त्या दिवसापासून गुणवंतराव संध्याकाळी घराबाहेर पडेनासे झाले. आपण काय आणलं आणि कुठून आणलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बुद्धवंदना म्हणतानाही त्यांचा एक कान कौलांकडं असायचा.

नवे सेल आले तेव्हा रेडिओनं सांगितलं, की डेनिसनं लागोपाठ गोल मारले आणि मोठा क्लब त्याला परत बोलावणार. आणि खरं सांगतो, चार दिवसांत गुणवंतरावांची ऑर्डर आली. चांद्याला परत. वामनराव नावाचे बाबू येतील, त्यांना चार्ज द्या आणि निघा. वच्छलाबाई त्या दिवशी रडल्या, आणि रडता रडताच त्यांनी ट्रंक भरायला घेतली. सगळ्यात तळाशी त्यांनी तो रेडिओ घातला, सेल काढून, चादरीत गुंडाळून. आता त्या डेनिसचं तो पाहून घेईल, म्हणाल्या.

वामनराव संध्याकाळच्या एस.टी.नं आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, सोबत वळकटी. थप्प्या सकाळी मोजू, मग चार्जच्या कागदावर सही करतो, असं ठरलं. वच्छलाबाईंनी चहात दूध जरा जास्तच घातलं. व्हरांड्यात बसून वामनरावांनी पहिला घोट घेतला आणि जागा बाकी शांत आहे असं म्हटलं.

वाळक्या ऐनावरून ते हसलं.

वामनरावांची बशी थांबली. गुणवंतराव घाईनं म्हणाले, की रेडिओ आहे भाऊ, ऑस्ट्रेलियाचं स्टेशन. कुठी आहे रेडिओ, वामनरावांनी विचारलं. ट्रंकेत आहे, असं गुणवंतराव बोलून गेले. (खरं बोलायची सवय वाईट.) वामनरावांनी ट्रंकेकडं पाहिलं. तिला कुलूप होतं. तेवढ्यात बरोबर त्यांच्या डोक्यावर, कौलांतून, ते पोट धरून हसलं.

एस.टी. अजून सुटली नव्हती. वामनराव वळकटीसकट तिच्यात कसे जाऊन बसले ते कुणी पाहिलं नाही. कप मात्र सापडला, वाटेतच, न फुटलेला.

पहाटे ते पुन्हा हसलं तेव्हा वच्छलाबाई उठल्या, खराटा घेतला आणि दार उघडून सरळ बाहेर गेल्या. त्यांची बदली खाणारं भूत त्यांना एकदा समोरासमोर पाहायचं होतं. गुणवंतराव त्यांच्या मागोमाग गेले. (चांगलं दहा पावलं मागं.) वायरीवर एक काळंभोर पाखरू बसलं होतं, शेपटीला दोन लांब तारा लोंबणारं. भीमराज. त्यानं आधी बैलगाडीचं चाक वाजवलं, मग ठमाबाईची कोंबड्यांना मारलेली हाक काढली, आणि मग मान वर करून ते हसलं. आधी घशातल्या घशात, मग खो खो.

"हे घ्या तुमचं भूत," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमच्याच वायरीवर बसून शिकलं."

गुणवंतराव त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं साहेबांकडं धावले आणि हात जोडून सगळं सांगितलं, की भूत नाही, पाखरू आहे, दुसरा कुणी धाडा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वामनरावांनी चांद्यात जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं, आणि आता त्या डेपोचं नाव काढलं की अख्खं हापिस आजारी पडत होतं. ते पाखरू आहे हे साऱ्या खात्यात एकट्या तुम्हालाच पटलंय, साहेब म्हणाले, तेव्हा तिथं राहायला तुमच्याइतका लायक माणूस नाही. जुनी ऑर्डर रद्द झाली. नव्या ऑर्डरीत गुणवंतराव उसने नव्हते. ते आता त्याच डेपोचे कायमचे झाले होते.

घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून रेडिओ काढला. रविवार होता. रेडिओतलं पाखरू हसलं, आणि बाहेरून भीमराजानं त्याला उत्तर दिलं. डेनिस क्रॅगीला मोठ्या क्लबानं शेवटी परत घेतलं नव्हतं. कोळशाच्या गावच्या क्लबानं त्याला रक्कम मोजून कायमचा विकत घेतला होता. गुणवंतरावांनी रेडिओ बंद केला. भीमराज हसतो ते समजलं होतं. पण डेनिसचं आणि गुणवंतरावांचं असं जुळवून कोण आणत होतं ते आजतागायत कुणाला समजलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वच्छलाबाई प्रज्ञाला घेऊन एस.टी.त बसल्या. शिळ्या भाकरी खाऊ नका, दिवाळीला या, असं त्यांनी खिडकीतून पुन्हा पुन्हा सांगितलं. काहीतरी दिलाशाचं बोलावं म्हणून गुणवंतरावांनी सांगून टाकलं, की मी एकटाच नाही, त्या डेनिसलाही तिथंच कायमचं ठेवून घेतलंय.

वच्छलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"त्याले ठेवाले त्या लोकायनं पैसे तरी मोजले," त्या म्हणाल्या. "तुमाले तर फुकटात ठेवून घेतलं."