उन्हाच्या खडकावरचा भाडेकरू

मुलांनो, एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, नाव सांगितलं की तिथली भाडी वाढतात) नागेश नावाचा एक अजगर होता. तो दलदलीत राहायचा. जागा ऐसपैस होती, शेजारी बेडूक होते. फक्त ऊन नव्हतं. आणि ऊन मिळालं नाही तर अजगराला जेवलेलं पचत नाही. बिचारा नागेश दिवाळीत खाल्लेला ससा होळीपर्यंत पोटात बाळगायचा.

जंगलातलं सगळं ऊन सोनचाफा टेकडीवर पडायचं. ती उच्चभ्रू वस्ती होती. तिथे मधोमध एक गुळगुळीत खडक होता, आणि सकाळचं कोवळं ऊन थेट त्याच्यावर यायचं. नागेशने ठरवलं, आता राहायचं तर टेकडीवरच.

टेकडीवर पिसारकर नावाच्या मोराला एक बीळ भाड्याने द्यायचं होतं.

"हे स्टुडिओ अपार्टमेंट आहे," मोर म्हणाला.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे वेगळं स्वयंपाकघर नाही, वेगळी झोपायची खोली नाही, वेगळं काहीच नाही. सगळं एकातच."

"बिळात असंच असतं ना?"

"बिळाला इतकं भाडं असतं का?"

नागेशला ते पटलं. तो आत शिरला. डोकं समोरच्या भिंतीला टेकलं तेव्हा अर्धा नागेश अजून बाहेरच होता.

"वेटोळं घाला," मोर म्हणाला. "आधी इथे हत्तीचं कुटुंब राहायचं. कधी तक्रार नाही. आणि हो, मांसाहार चालणार नाही." हे बोलताना त्याच्या चोचीत सरडा होता, त्यामुळे शब्द जरा अस्पष्ट आले.

उन्हासाठी नागेशने सगळं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो खडकाकडे निघाला. वाटेत फाटक होतं आणि फाटकावर रखवालदार म्हणून एक रेडा होता.

"मालक का भाडेकरू?" रेड्याने विचारलं.

"भाडेकरू."

"मग ऊन न्हाई. ऊन मालकलोकांसाठी हाय."

"अहो, पण मी उन्हासाठीच तर आलोय इथे!"

"मालक संगट असतील तर सोडतो. तसा नियमच हाय."

नागेश मोराकडे गेला. "पिसारकरसाहेब, माझ्याबरोबर जरा खडकावर येता का?"

"सकाळी माझा नाचाचा रियाज असतो."

"मग दुपारी?"

"दुपारी मी थकलेला असतो. आणि तुमची शेपटी व्हरांड्यात येते, त्याबद्दल आधी बोलू."

मुलांनो, नागेश स्वभावाने गरीब होता. घरमालकाला उलट उत्तर त्याने कधीच दिलं नव्हतं. आताही दिलं नाही. त्याने फक्त तोंड उघडलं.

मोर आत गेला. पिसारा तेवढा बाहेर राहिला.

नागेश पुन्हा फाटकावर आला. रेड्याने पिसारा नीट निरखून पाहिला.

"मालक हायेत का संगट?"

"आहे ना!" आतून मोर ओरडला. "पण ही काय जागा आहे? ना खिडकी, ना उजेड! पंख पसरायची सोय नाही!"

"स्टुडिओ आहे," नागेश भरल्या तोंडाने म्हणाला.

"या मालक," म्हणून रेड्याने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं.

नागेश खडकावर पसरला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पोटापर्यंत ऊब पोचली. त्याला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो रोज येऊ लागला. माणूस, म्हणजे अजगर, मोठा सचोटीचा. मालक पोटात असले तरी दर एक तारखेला तो न चुकता भाडं गिळायचा.

पण उन्हात सगळंच पचतं. हळूहळू मोराच्या तक्रारी कमी झाल्या. मग फक्त उचक्या यायच्या. शेवटी एके सकाळी पिसारा गळून पडला.

"मालक कुठं हायेत?" रेड्याने विचारलं.

"पचले."

"मग ऊन बंद."

नागेश त्याच दिवशी दुसरी जागा बघायला निघाला. पिसारकरांचं काय झालं ते अख्ख्या टेकडीला ठाऊक होतं. तरी संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे मालकांची रांग लागली. इतक्या वेळेवर भाडं देणारा भाडेकरू हल्ली मिळतो कुठे?

तात्पर्य: घरमालक गिळायला एक क्षण पुरतो, पण पचायला अकरा महिने लागतात. म्हणूनच भाड्याचा करार शहाणी माणसं अकरा महिन्यांचाच करतात.