वैशंपायनांची तारली

शाळेच्या मागच्या मैदानात भाज्या लावायच्या आणि त्या निमित्ताने आजूबाजूच्या माणसांना एकत्र आणायचं, ही कल्पना मुख्याध्यापिका मेघनाबाईंची होती. पहिल्या रविवारी श्रमदानाला एकटे रमाकांत वैशंपायन एकत्र आले.

तेही स्वतःहून आले नव्हते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या पत्नी ललिताबाईंना हिंग सापडत नव्हता. ते राहत असलेल्या टॉवरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेघनाबाईंचं आवाहन आलं, तेव्हा ललिताबाईंनी ताबडतोब नवऱ्याचं नाव देऊन टाकलं आणि नवऱ्याला ते संध्याकाळच्या चहाबरोबर कळवलं.

घोडपदेवची ही शाळा एका बाजूला जुनी तीन मजली चाळ आणि दुसऱ्या बाजूला नवा टॉवर यांच्या मधोमध होती. दोन्हीकडच्या लोकांचा एकमेकांशी संबंध गाडी कुठे लावायची या भांडणापुरताच होता, आणि तोही वॉचमनमार्फत. मेघनाबाईंना ते बघवत नव्हतं. त्यांची दुसरी अडचण म्हणजे शाळेच्या संस्थेचे सचिव शामराव. मैदान नुसतं पडून आहे हे त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. दिवाळीच्या सुटीत तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्यांसाठी जागा द्यायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. बाईंनी फारच विनवलं तेव्हा ते म्हणाले की, वस्तीतली माणसं खरंच येत असतील तर बघू, पण एका माणसाला वस्ती म्हणता येत नाही.

दुसऱ्या रविवारी दुसरा माणूस आला. धोंडू घाडी चाळीत राहायचे. रविवारी सून घर झाडायला काढायची, तेव्हा त्यांना कुठेतरी जाऊन बसावं लागे. ते मैदानात येऊन बसले. वैशंपायन वांग्यांच्या रोपांना पाणी घालत होते. रोपं पिवळी पडली होती. पाण्याने ती आणखी पिवळी होत होती.

धोंडूंनी बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "आमच्या गावाक माडाच्या मुळात तारले पुरतत, साहेब. एकेक नारळ हंड्यासारखो."

आपण गाव लहानपणीच सोडलं आणि माड लांबूनच बघितला, ही माहिती त्यांनी दिली नाही. वैशंपायनांनीही ती मागितली नाही. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी आली नव्हती, त्यामुळे मासळीबद्दल कुणीही काहीही बोललं तरी ते त्यांना तज्ज्ञाचंच मत वाटे. जे माडाला चालतं ते वांग्याला का चालू नये, असा विचार त्यांनी केला. विचार करण्यासारखं एवढंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दोघे वरळी कोळीवाड्यात गेले. खतासाठी तारली हवी आहे, असं वैशंपायनांनी एका कोळणीला सांगितलं. तिने किती देऊ म्हणून विचारलं. आयुष्यभर ऑफिसात कागद कमी पडू नयेत म्हणून जास्तीचे मागवणारे वैशंपायन म्हणाले की, पुरेशी द्या. आदल्या दिवशीच्या दोन पाट्या तिच्याकडे पडून होत्या. तिने त्या दिल्या आणि हा माणूस परत येण्याच्या आत दुकान आवरलं. परतीच्या वेळी दोन टॅक्सीवाल्यांनी काच वर केली. तिसऱ्याला सर्दी झाली होती.

मैदान खणणं मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जड गेलं. वरच्या मातीखाली कुठल्यातरी जुन्या बांधकामाच्या विटा आणि लाद्या भरलेल्या होत्या. वीतभर खड्डा झाला की कुदळ खणकन वाजायची. ऊन वाढलं तसं दोघांचंही असं मत झालं की वीतभर पुष्कळ आहे. घरी आल्यावर ललिताबाईंनी दारातच वास कसला म्हणून विचारलं. वैशंपायन म्हणाले, सेंद्रिय. त्यांना कपड्यांसकट सरळ बाथरूममध्ये पाठवण्यात आलं.

सोमवारी सकाळी मैदानात मांजरं होती. प्रार्थना सुरू झाली तेव्हा घोडपदेवची होती, संपली तेव्हा भायखळ्याचीही आली असावीत. मेघनाबाईंनी शिपायाला काठी घेऊन पाठवलं. मांजरं पांगली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कावळे उतरले. कावळ्यांच्या गडबडीने घारी आल्या. त्यांतल्या एका घारीशी कावळ्यांचं वाजलं, आणि तिच्या पायातली तारली टॉवरच्या आठव्या मजल्यावर, अवधूतच्या बाल्कनीत, त्याच्या सासूबाईंनी वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापडांवर पडली.

अवधूत टॉवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याने पापडांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की, चाळीतून आता मासे फेकायला लागलेत. दुपारपर्यंत ग्रुपवर निषेध झाला. तिकडे चाळीत सकाळपासून वासाने कुणाला जेवण गेलं नव्हतं. वास टॉवरच्या कचऱ्याचा आहे, अशी तिथे सर्वांची खात्री होती. वैशंपायनांनी ग्रुप वाचला, फोन उलटा ठेवला आणि त्या दिवसातली तिसरी आंघोळ केली.

संध्याकाळी टॉवरमधली माणसं खाली उतरली. चाळीतली माणसं बाहेर आली. दोन्हीकडचा रस्ता शाळेच्या मैदानातूनच होता, तेव्हा सगळे तिथेच समोरासमोर आले. मेघनाबाई मध्ये उभ्या राहून शांततेचं आवाहन करत होत्या आणि ते कुणाला ऐकू जात नव्हतं. इतकी माणसं मैदानात पहिल्यांदाच आली होती, पण त्यांतल्या काहींच्या हातात काठ्या होत्या.

चाळीतर्फे तळमजल्यावरच्या आनंदीबाई पुढे झाल्या. "मासे फेकायला आम्ही काय येडे आहोत? आम्ही ते खातो."

"मग आठव्या मजल्यावर तारली काय लिफ्टने आली?" अवधूत म्हणाला.

चाळीतल्या दोघातिघांनी बाह्या वर केल्या. गर्दीच्या मागे वैशंपायन आणि धोंडू शेजारी शेजारी उभे होते. धोंडूंनी वैशंपायनांच्या शर्टाचं टोक धरलं आणि हळूच सुचवलं की, गप्प राहूया, तासाभरात हे लोक दमतील. वैशंपायनांनाही ते पटलं होतं. पण आनंदीबाईंच्या मुलाची कॉलर कुणीतरी धरली. तो मुलगा काल वैशंपायनांना "काका, पाणी आणू का?" असं विचारून गेला होता, एवढीच त्याची नि त्यांची ओळख. वैशंपायन शर्ट सोडवून पुढे गेले.

"तारली माझी आहे," ते म्हणाले.

अवधूतने नीट ऐकू आलं नसावं म्हणून परत विचारलं. "कोणाची?"

"माझी. दोन पाट्या होत्या."

आनंदीबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "वैशंपायन ना तुम्ही? मग तुम्ही खाता?"

"नाही," वैशंपायन म्हणाले. "मी पुरली."

गर्दीत उभ्या असलेल्या ललिताबाईंनी पदराचं टोक नाकाला लावलं. ते वासामुळे होतं की हसू आवरायला, हे शेजारच्यांना ठरवता आलं नाही. भांडणाची मात्र पंचाईत झाली. काठ्या आणलेल्यांना त्या कुणावर उगारायच्या ते कळेना. इतक्या सरळ चेहऱ्याच्या माणसाला मारायचं म्हणजे मनाची बरीच तयारी लागली असती. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, आणि आता आधी हे बाहेर काढलं पाहिजे यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

चाळीतून फावडी आणि घमेली आली, टॉवरमधून मास्क आणि रबरी हातमोजे. आठवडाभर रोज संध्याकाळी काम चाललं. तारल्या सापडत होत्या त्या विटांच्या फटींतून, म्हणून विटाही काढाव्या लागल्या. विटांनी ट्रक भरला. अवधूत आणि आनंदीबाईंचा मुलगा एका घमेल्याला दोन बाजूंनी धरून वैशंपायनांबद्दल बोलत असायचे. शिव्या घालायला दोघांना मिळून एक माणूस सापडल्यावर त्यांची चांगलीच गट्टी जमली. सासूबाईंनी पापड पुन्हा घातले, या वेळी चाळीच्या गच्चीवर, कारण तिथे ऊन जास्त होतं.

शनिवारी शामराव ब्लॉकवाल्याला जागा दाखवायला घेऊन आले. मैदानभर लोक खणत होते. एका बाजूने चहाची किटली फिरत होती. शामराव थोडा वेळ दारातच थांबले, मग ब्लॉकवाल्याला घेऊन मागे वळले. जाताना त्यांनी मेघनाबाईंना विचारलं की, हे सगळं तुम्ही कसं जमवलंत. मेघनाबाई म्हणाल्या, खतावर फार अवलंबून असतं.

रविवारी समिती नेमायची ठरली. वैशंपायन मागेच उभे होते. आपल्याला हाकलणार, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. धोंडू तर तोंड धुवायच्या निमित्ताने नळावर जाऊन उभे राहिले होते. पण आनंदीबाईंनी अध्यक्ष म्हणून वैशंपायनांचं नाव सुचवलं, अवधूतने अनुमोदन दिलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर झाला. वैशंपायनांचे डोळे भरून आले. लगोलग दुसरा ठराव झाला. अध्यक्षपदाचा मान राखण्यासाठी अध्यक्षांनी मातीला, पाण्याला आणि खताला हात लावायचा नाही, असा. तोही एकमताने मंजूर झाला. आता वैशंपायनांना दर रविवारी खुर्ची मिळते. ते नुसते उठायला लागले तरी चारपाच जण फावडं टाकून धावत येतात आणि काय हवं-नको विचारून त्यांना परत बसवतात.

"पस्तीस वर्षं नोकरी केली," त्यांनी घरी येऊन ललिताबाईंना सांगितलं, "पण एवढा मान कधी मिळाला नव्हता."

ललिताबाई म्हणाल्या की, माणसाची किंमत कळायला वेळ लागतो. त्या आठवड्यात त्या चाळीत आनंदीबाईंकडे चहाला दोनदा जाऊन आल्या होत्या आणि दोन्ही ठराव त्यांनीच लिहून दिले होते. ते काही त्यांनी सांगितलं नाही.