आळशी माश्यांचा वंश

माश्या मेल्या. सगळ्या!

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू या. असं काही घडलेलंच नाही. माश्या ठणठणीत आहेत आणि पाल एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढत त्याच्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीकडे निघालाय, कारण जन्मात पहिल्यांदाच त्याचं काहीतरी बरोबर आलंय.

पाल हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण वर्षानुवर्षं जो माणूस माश्यांकडे टक लावून बसतो, त्याला वसतिगृहातले मित्र दुसरं काय म्हणणार? तो उत्क्रांतीवर पीएचडी करत होता. विजेवरच्या थंड कपाटात, काचेच्या नळीत फळमाश्या ठेवायच्या, नळी टेबलावर आपटायची आणि तळाला पडलेल्यांपैकी वर कोण चढतं ते बघायचं. माशीची जातच अशी, की पडली की चढणार. पाल मात्र चढणाऱ्यांना बाद करायचा आणि तळाशी लोळणाऱ्यांचाच वंश वाढवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हे केलं तर एक दिवस जन्मजात आळशी माशी तयार होणार, हा सिद्धांत. सहा वर्षांत तयार झाला तो फक्त पाल. माश्या कुरकुरत का होईना, शेवटी चढायच्याच!

शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, "महिनाअखेरीला मुदत संपते. निकाल नसेल तर प्रबंध बंद, आणि वसतिगृहाची खोलीही रिकामी करायची."

त्या दुपारी त्याने प्रयोगशाळेतून आईला फोन लावला आणि आपण अजून का शिकतोय हे समजावलं. मध्येच बॅटरी संपत आली, तेव्हा भिंतीवरचा कुठलासा प्लग उपटून चार्जर खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

आणि त्यानंतर चमत्कार झाला! नळी आपटली, एकही माशी चढली नाही. दुसऱ्या दिवशी आपटली, एकही नाही! पलीकडच्या कपाटातल्या, तुलनेसाठी पाळलेल्या चपळ वंशाच्या माश्या तोवर वर जाऊन, फेरफटका मारून परतल्यासुद्धा. आलेख असा आडवा झोपला, की त्याच्यावर चादर घालावी!

"आई, जमलं! हलतच नाहीत गं!"

"खातात का नीट?"

"अन्नाकडे ढुंकूनही बघत नाहीत."

"आणि पोरंबाळं?"

"त्यातही रस नाही."

आई म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेल्यात रे."

मॅडमनी आलेख पाहिला आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बसायला खुर्ची दिली. "पहिल्या वर्षाच्या मुलांचा आज उत्क्रांतीचा तास आहे. पुस्तकातलं त्यांना पटत नाही. त्यांना हे दाखव!"

पाल वर्गासमोर उभा राहिला. नळी आपटली. "बघा! जगातला कुठलाही धक्का यांना हलवू शकत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचं फळ!"

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने नळी डोळ्याला लावली.

"सर, यांचे पाय वर आहेत."

"उताणं झोपणं हे आळसाचं प्रगत लक्षण आहे."

"सर, हिचा पंख गळलाय."

"जे वापरायचंच नाही, ते बाळगायचं कशाला?"

"सर, हिला बुरशी आलीय."

पालने तोंड उघडलं. माशी असती तर बिनधास्त आत गेली असती, पण जाणारी माशीच शिल्लक नव्हती.

मागच्या बाकावर बसलेल्या मॅडम उठून तडक प्रयोगशाळेत गेल्या. मागून पाल, त्याच्यामागून अख्खा वर्ग. आळशी वंशाच्या थंड कपाटाचा प्लग जमिनीवर पडला होता आणि त्याच्या जागी पालचा चार्जर आरामात लोंबत होता. वर छपराचा तापलेला पत्रा. कपाट उघडलं, तर भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ अंगावर आली.

"जोडसंच कुठाय?" मॅडमनी विचारलं. प्रत्येक वंशाच्या थोड्या माश्यांचा एक राखीव जोडसंच दुसऱ्या कपाटात ठेवायचा, हा तिथला पहिला नियम.

"करणारच होतो, मॅडम."

"कधी?"

"चपळांचा केलाय. यांचा... कंटाळा आला."

चष्मेवालीने वही उघडली. "मॅडम, परीक्षेत काय लिहायचं? निवड झाली, की मेल्या?"

"दोन्ही लिही," मॅडम पालकडे बघत म्हणाल्या. "निवड अशीच होते."

संध्याकाळी रिकाम्या नळ्या विसळून झाल्यावर पालने विभागप्रमुखांना अर्ज लिहिला:

'सविनय विनंती, की सदर माश्यांची नोंद "मृत" अशी न करता "आळसाची परमावधी" अशी करण्यात यावी आणि त्यांना जाग येईपर्यंत अर्जदारास मुदतवाढ मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, अर्जदाराला राहण्यासाठी एक नळी देण्यात यावी. अर्जदार वर चढणार नाही, याची लेखी हमी सोबत जोडली आहे.'